नवा राउटर घ्यायच्या आधी तो ९३ चा आकडा कुठून आला ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बाणेरला नव्या टॉवरमध्ये ३ बीएचके, ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, कंपनीचा डबा म्हणजे ओएनटी मेन डोअरच्या वर, त्याला जोडून दुकानातून आणलेला '१२००' चा राउटर. राउटरला खेटून बसलं तरी स्पीड ९३-९४ च्या वर जात नाही आणि मागच्या बेडरूममध्ये १०-१५ मिळतो. वायफायचा सिग्नल पुढे ढकलणारा एक्स्टेंडर मागवून बघितलात, फरक शून्य. आता दुकानदार म्हणतोय तीन डब्यांचं मेश घ्या, म्हणजे घरभर ठेवायचे, एकमेकांशी बोलणारे वायफायचे डबे. शिवाय मुलासाठी पीसी बनवायचाय त्याचं कोटेशन आलंय, आणि ऑनलाइन मागवलेली एसएसडी (पीसीची वेगवान डिस्क) सील उघडलेली निघाली पण सेलर परत घेत नाही. शेवटी फोटो ठेवायला ४ टीबीची डिस्क आणि हे सगळं ऑनलाइन घ्यावं की दुकानातून, हेही विचारलंय.

मी पुण्यात घरगुती आणि छोट्या ऑफिसांचं नेटवर्किंग आणि पीसी असेंब्ली करतो, त्यामुळे हे रोजचंच आहे. सरळ सांगायचं तर मेश आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दुकानदार दोन्हींवर एकच महाग औषध देतोय.

पहिला प्रॉब्लेम म्हणजे तो ९३. राउटरशेजारी बसून जर ९३-९४ वरच अडकत असेल तर तो वायफायचा दोषच नाही. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून (वायर खुपसायच्या खाचेतून) प्रत्यक्षात हातात ९४-९५ पडतात, त्याच्या वर कितीही आपटा जाणार नाही, म्हणजे तुमच्या रस्त्यात कुठेतरी १०० चा पोर्ट किंवा अर्धी मेलेली वायर बसलीये. ३०० चा प्लॅन घेऊन दर महिन्याला पैसे भरताय आणि दारातच दोन तृतीयांश स्पीड अडतोय. आणि कस्टमर केअरला फोन केलात की तो उंटावरून शेळ्या हाकणार, राउटर रीस्टार्ट करा, ॲपमधून परत चेक करा. त्याच्या बाजूने बरोबरच असतं म्हणा, त्याच्या स्क्रीनवर ३०० दिसत असतात.

तर आधी हे करा. लॅपटॉपला लॅन पोर्ट असेल तर वायरने थेट ओएनटीला लावा, नसेल तर कुणाचा तरी उसना आणा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट इथे गेलात की लिंक स्पीड दिसतो, १०००/१००० किंवा १००/१००. तिथे १००० दिसतोय आणि स्पीड टेस्ट ३०० च्या आसपास येतेय तर कंपनीची लाईन सोन्यासारखी आहे, दोष तुमच्या राउटरमध्ये किंवा ओएनटी ते राउटर या वायरमध्ये. १०० दिसला तर आधी वायर बदला, मग ओएनटीचा दुसरा पोर्ट बघा, कारण काही ओएनटींना एकच पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) असतो आणि बाकीचे तीन १०० चे, लाईनमन घाईत कुठलाही जोडून निघून जातो. मग हीच वायर राउटरच्या लॅन पोर्टला लावून परत बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हे न करता लोक आठ-दहा हजाराचा राउटर घेऊन येतात, तो त्याच वायरला लावतात आणि परत ९४.

आता त्या खोक्यावरच्या १२०० चं. तो २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज आहे, होतात ११६७, गोल करून १२००. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो त्यामुळे ही बेरीज कुणालाच कधी मिळत नाही. आणि ते ८६७ सुद्धा कागदावरचे, हातात अर्ध्याच्या आसपास. पण खरी गोम खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असते, पोर्ट '१०/१००' आहेत का '१०/१००/१०००'. टीपी-लिंकचा आर्चर सी५० आणि आर्चर सी६ घ्या, दोन्हींवर एसी१२०० लिहिलेलं, पण सी५० चे पोर्ट १०० चे आणि सी६ चे गिगाबिट. सी५० वाईट नाही बरं का, ५०-१०० चा प्लॅन असेल त्याला उत्तम आहे, पण ३०० वाल्याला तो विकणं म्हणजे चारपदरी रस्त्याला गावातली बोळ जोडणं. दुकानदार मुद्दाम फसवतो असंही नाही दरवेळी, बऱ्याच काउंटरवरच्या पोरांना स्वतःलाच हा फरक माहीत नसतो, त्यांना '१२०० वाला' आणि '३०० वाला' एवढंच शिकवलेलं असतं. तुमच्या राउटरचं मॉडेल तुम्ही लिहिलं नाहीये, पण मला त्याच्यावरच संशय आहे.

वायरचाही संशय सोडू नका मात्र. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात (१, २, ३ आणि ६ नंबरच्या), गिगाबिटला आठही लागतात. म्हणजे बाकीच्या चारांपैकी एक तार जरी क्रिंपिंगमध्ये (टोकाला कनेक्टर दाबताना) नीट बसली नाही किंवा दारात चेमटून तुटली तरी लिंक गपचूप १०० वर येते आणि नेट चालूच राहतं, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. मागे कोथरूडला एकांकडे गेलो होतो, वायर नवीकोरी, वरती छान कॅट ६ छापलेलं, तरी लिंक सारखी १०० वर पडायची. टोक कापून तार ब्लेडने जरा खरवडली तर वरचा तांब्याचा रंग निघाला आणि आत पांढरीफटक ॲल्युमिनियम. याला बाजारात सीसीए म्हणतात, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम. ३०५ मीटरचा बॉक्स खऱ्या तांब्याच्या मानाने बराच स्वस्त पडतो म्हणून इलेक्ट्रिशियन तोच आणतो. बॉक्स उचलला की हलका लागतो, आणि तार दोन-चारदा वाकवली की मोडते. घरात वायर ओढून घेणार असाल तर 'प्युअर कॉपर' असं बिलावर लिहून घ्या आणि भिंतीत जाण्याआधी टोक खरवडून बघा, भिंतीत गेल्यावर मग रडून उपयोग नाही. फार भारी केबलचीही गरज नाही, कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात देते. 'कॅट ८ गेमिंग केबल' वगैरे घरात घेणारे माझ्या मते निव्वळ छपाईचे पैसे देतात.

आता दुसरा प्रॉब्लेम, मागची बेडरूम. इथे राउटरचा कमी आणि बिल्डिंगचा दोष जास्त आहे. बाणेर, बालेवाडी, वाकड, हिंजवडी, खराडी इकडचे बरेच नवे टॉवर मायवान पद्धतीने बांधलेले असतात, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती स्लॅबबरोबरच काँक्रीटने ओतायच्या. विटांच्या पार्टिशनऐवजी प्रत्येक खोलीची भिंत आरसीसी, आत स्टीलची जाळी. जुन्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात एका राउटरवर अख्खा मजला चालतो आणि इथे दोन भिंती ओलांडल्या की ५ गिगाहर्ट्झ गायब. मग फोन आपोआप २.४ वर जातो आणि तिथे शेजारच्या वीस फ्लॅटचे राउटर आधीच भांडत बसलेत, एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. म्हणून तुम्हाला तिथे १०-१५ दिसतात.

एक्स्टेंडरने फरक का पडला नाही तेही यातच आलं. तुम्ही तो बेडरूममध्ये लावला असणार, सगळे तिथेच लावतात. जिथे सिग्नल मेलाय तिथे बसून तो बिचारा मेलेलाच सिग्नल पुढे पाठवणार. वर एकाच रेडिओवर घ्यायचं आणि द्यायचं म्हटल्यावर स्पीड निम्मा. तीन डब्यांचं मेश बिनतारी लावलंत तरी भिंत तीच आहे, डब्या-डब्यांमधलं बोलणं त्याच काँक्रीटमधून व्हायचंय. मेश वाईट नाही, पण त्याला मागून वायर हवी, मग तो राजा. वायर नसेल तर निदान डबे एकमेकांना उघड्या दारातून, पॅसेजमधून 'दिसतील' असे ठेवावे लागतात.

आणि वायर तुमच्या घरात बहुतेक आधीच आहे. हे मी पैजेवर सांगत नाही पण बघा मात्र नक्की. नव्या टॉवरांमध्ये बिल्डर हॉल आणि बेडरूममध्ये टीव्ही पॉईंटच्या शेजारी लॅन किंवा टेलिफोनचा पॉईंट देतो, त्या सगळ्या वायरी मेन डोअरच्या आसपास एका छोट्या पॅनलमध्ये येतात, कधी डीबीच्या (लाइटच्या मेन स्विचच्या बोर्डाच्या) शेजारी, कधी शू रॅकच्या मागे, कधी फर्निचरवाल्याने प्लाय मारून झाकून टाकलेल्या. लोक पाच-पाच वर्षं राहतात आणि ते झाकण उघडत नाहीत. उघडलंत की आत निळ्या किंवा करड्या वायरींची टोकं लोंबकळत असतील, कनेक्टर न लावलेली. वायरवर कॅट ५ई किंवा कॅट ६ छापलंय आणि आत चार जोड्या आहेत तर लॉटरी लागली. दोनच जोड्या निघाल्या तर ती टेलिफोनची केबल, तिच्यावर १०० पर्यंत ढकलता येईल पण त्याच पाइपमधून नवी ओढून घेणं बरं. लाइटच्या वायरींच्या पाइपात मात्र घालू देऊ नका, इलेक्ट्रिशियन 'चालतंय की' म्हणेल, नाही म्हणा.

म्हणजे तुमचा ओएनटी दारावर, पॅनलही तिथेच जवळ. टोकांना कनेक्टर मारायचे, टेस्टर लावून आठही दिवे बघायचे, एक पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे एका वायरीचे फाटे करणारा डबा (हजार-दीड हजाराची वस्तू), आणि मागच्या बेडरूमच्या किंवा पॅसेजच्या पॉईंटवर एक ॲक्सेस पॉईंट, म्हणजे वायरवरून नेट घेऊन तिथे वायफाय सोडणारा डबा. नवा राउटर घेतलात तरी तो तिथे ॲक्सेस पॉईंट मोडमध्ये टाका म्हणजे नेटवर्क एकच राहतं, नाहीतर राउटरमागे राउटर होऊन प्रिंटर एका नेटवर्कवर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असा गोंधळ होतो. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. एवढ्यात तुमचं घर भागतं, तीन डबे लागत नाहीत. पॉईंटच नसतील तर फायबर कंपनीला सांगून ओएनटीच घराच्या मध्यावर हलवून घ्या, थोडे पैसे घेतात पण कुठल्याही राउटरपेक्षा जास्त फरक पडतो.

नवा घ्यायचाच झाला तर वायफाय ६ चा, गिगाबिट पोर्टचा, बस. वायफाय ६ चं सर्टिफिकेशन २०१९ मध्ये सुरू झालं, आता ते स्वस्त आणि मुरलेलं आहे. वायफाय ७ चं २०२४ च्या जानेवारीत आलं, तुमच्या घरातल्या फोनना ते येत नसेल आणि प्लॅन ३०० चा असेल तर त्याचे पैसे कशाला. खोक्यावरचं एएक्स३००० म्हणजे परत ५७४ अधिक २४०२ ची बेरीज, त्यातले २४०२ मिळायला फोनलाही १६० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल वापरता यावा लागतो, बहुतेक फोन ८० वर थांबतात आणि १२०१ दाखवतात, तेही तुमच्या प्लॅनच्या चौपट आहेत. लाईट गेल्यावर नेट हवं असेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, फक्त ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट आहे का ९ आणि किती ॲम्पिअर ते वाचून घ्या, आणि ओएनटी व राउटर दोन्हींना पुरेल असा घ्या, एकालाच लावून उपयोग नाही.

आता पीसीचं कोटेशन. तुम्ही टाकलेल्या फोटोत 'आय ५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४५० वॉट एसएमपीएस, कॅबिनेट' एवढंच आहे. हे कोटेशन नाही, हे मेनूकार्ड आहे. प्रत्येक ओळीपुढे कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. पुण्यात तापकीर गल्लीत असो की मुंबईत लॅमिंग्टन रोडला, जो दुकानदार मॉडेल नंबर लिहून द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडून पुढे सरका, शेजारीच दुसरं दुकान आहे.

का ते सांगतो. एसएसडीत एकाच नावाखाली आतला माल बदलतो. क्रुशियलची पी२ सुरुवातीला टीएलसी चिपवर आली आणि २०२१ मध्ये त्याच नावाने स्वस्त पण हळू अशा क्यूएलसी चिपवर निघाली, मोठी फाईल कॉपी करताना फरक कळायचा. हार्डडिस्कचंही तसंच, २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या डिस्क न सांगता एसएमआर पद्धतीच्या (लिहिण्याच्या रेघा एकमेकींवर चढवलेल्या) होत्या, ज्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या अनेक डिस्कच्या डब्यात, एक डिस्क बदलून डेटा परत उभा करताना मार खातात, बोंबाबोंब झाल्यावर मग सीएमआरवाल्यांना (रेघा वेगळ्या ठेवणाऱ्यांना) 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. तुम्ही शेवटी फोटो ठेवायला ४ टीबी विचारलंय ना, एकच डिस्क नुसती फोटो साठवायला असेल तर एसएमआर चालेल, नॅसमध्ये दोन-चार टाकायच्या असतील तर सीएमआरच बघा. आणि जोडल्यावर विंडोजमध्ये ४ टीबीचे ३.६३ दिसतील, ती चोरी नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे.

प्रोसेसर 'ट्रे' (सुटा) आहे का 'बॉक्स' (कंपनीच्या सीलबंद खोक्यातला) तेही विचारा. ट्रे स्वस्त पडतो पण त्याला इंटेलची थेट वॉरंटी ग्राहकाला मिळत नाही, दुकानदाराच्या शब्दावर सगळं. बॉक्सला तीन वर्षं. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या मोठ्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांचा क्रॅश होण्याचा जो घोळ झाला त्यानंतर २०२४ मध्ये इंटेलने त्यांची वॉरंटी दोन वर्षं वाढवून पाच केली, तर कुणी तो सेकंडहँड देत असेल तर बॉक्स आणि मूळ बिल असल्याशिवाय हात लावू नका, आणि घेतलाच तर मदरबोर्डचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट पहिल्या दिवशी.

कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणारा ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र नको म्हणा. पुण्यातल्या व्होल्टेजवर मुलाचं कॅड (डिझाइनचं सॉफ्टवेअर) चालू असताना तो गेला तर एकटा जात नाही, मदरबोर्ड घेऊन जातो. ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला), नाव असलेल्या कंपनीचा, वेगळा घ्या, वाटल्यास कॅबिनेट साधं घ्या, दिवे लागणारे पंखे नकोत, त्याला आवडतील पण त्याला सांगा मार्क त्याने पडत नाहीत. रॅमची एक १६ जीबीची पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्या, दोन्ही एकदम चालतात (ड्युअल चॅनल) त्याने फरक पडतो. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत, त्यामुळे महिन्याभरापूर्वीचं कोटेशन दाखवून भांडण्यात अर्थ नाही, त्या दिवशीचा भाव विचारा.

उरली एसएसडी. प्लॅटफॉर्मशी नाही, सेलरशी तुमचा व्यवहार झालाय, बिलावर सेलरचं नाव आणि जीएसटी नंबर बघा. मग एसएसडी पीसीला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडा, त्यात पॉवर ऑन अवर्स आणि टोटल होस्ट राइट्स असे दोन आकडे दिसतात. नवी असेल तर जवळजवळ शून्य असायला हवेत. शेकड्यात तास निघाले तर ती वापरलेली आहे, स्क्रीनशॉट काढा, सीरियल नंबर दिसेल असा. कंपनीच्या साइटवर तोच नंबर टाकून वॉरंटी कधीपासून चालू आहे तेही बघा, कधीकधी ती आधीच कुणाच्या तरी नावाने सुरू झालेली निघते किंवा नंबर दुसऱ्या देशातला निघतो.

सेलर 'नो रिटर्न' म्हणतोय ना, म्हणू द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आधी प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल, सोबत स्क्रीनशॉट. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि त्यांच्याकडे तक्रार नोंदली गेली की मोठे सेलर बऱ्यापैकी लवकर हलतात असा माझ्या गिऱ्हाइकांचा अनुभव आहे. त्याच्याही पुढे जायचं झालं तर जिल्हा आयोगात तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, सेलर दिल्लीचा असला तरी.

ऑनलाइन की दुकान या प्रश्नाला माझं उत्तर वस्तूनुसार बदलतं. राउटर, स्विच, एसएसडी ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, खोकं उघडतानाचा व्हिडिओ न कापता काढा, लेबल आणि सील आधी कॅमेऱ्याला दाखवून. मदरबोर्ड, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड दुकानातून घ्या जरी पाच-सातशे जास्त गेले तरी, कारण हे बिघडले की कुरियरने सर्व्हिस सेंटरला पाठवण्यात जीव जातो. आणि 'बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के वाचतात' असं म्हणालाच कुणी तर हसून नको म्हणा. बिल पक्कं, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर, खोक्यावरच्या नंबराशी काउंटरवरच ताडून. थर्मल प्रिंटचं बिल असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, वर्षभरात ते पांढरं होतं आणि वॉरंटी तीन वर्षांची असते.

तुमच्या राउटरच्या तळाचं लेबल, ओएनटीच्या मागच्या पोर्टचा फोटो आणि ते पॅनल उघडून आतला फोटो टाका, मग नक्की काय आणायचं ते मॉडेलसकट सांगतो. तोवर काही ऑर्डर करू नका, आणि एक्स्टेंडर परत करायची मुदत असेल तर आजच परत पाठवा.